परमुलखातली कोठी
पुण्याचा संगम, बुशहरचा किनारा आणि दीडशे वर्षे रेंगाळलेला एक वाद

दौंड-मनमाड लोहमार्गावर पुणतांबा हे स्टेशन लागते. इथे उतरणारा भाविक सहसा चांगदेवांच्या समाधीला जायला निघालेला असतो. वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघालेले आणि चालत्या भिंतीपुढे गर्व सोडून उभे राहिलेले ते हे चांगदेव. गोदावरीला इथे अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे, काठाने देवळांची रांग आहे. २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपाची हाक याच गावातून उठली आणि ज्यांना चांगदेव ठाऊक नव्हते त्यांनाही पुणतांब्याचे नाव ठाऊक झाले.

पण आज आपल्याला घाटावर उभे राहून पाहायचे आहे ते नदीच्या वरच्या अंगाला. पाचसहा कोसांवर कोपरगाव आहे. मराठेशाहीच्या इतिहासातला सर्वांत दुर्दैवी गृहकलह ज्याच्या नावाशी जोडलेला आहे, त्या राघोबादादाने आपले अखेरचे दिवस तिथे काढले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी त्याची बाजू सोडली, दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली, आणि अटकेपार घोडा नेणारा हा पुरुष गोदाकाठी येऊन बसला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस तो वारला. त्याचा मुलगा बाजीराव त्या वेळी नऊ वर्षांचाही नव्हता.

राघोबाची सारी कथा सांगण्याचे हे स्थळ नव्हे. तिच्यातला एकच धागा आपल्याला हवा आहे. परक्या दरबारात आपला वकील पाठवणे आणि परक्याचा वकील आपल्या दाराशी ठेवून घेणे, या दोन्ही गोष्टी या माणसाच्या पायी मराठी राज्याच्या कपाळी आल्या. पुढे त्यातून एक असा प्रश्न उभा राहिला, की तो पुण्यात पेटला, मुंबईच्या सरकारने समुद्रापार नेला आणि इराणच्या आखातात १९४६ सालापर्यंत रेंगाळत राहिला. प्रश्न दिसायला अगदी साधा आहे: परमुलखात वकिलाने राहायचे कुठे?

काचघरातला ब्राह्मण

राघोबाने आपले गाऱ्हाणे थेट विलायतेस न्यायचे ठरवले, आणि १७८१ साली त्याची माणसे लंडनला पोहोचली. हणमंतराव नावाचा एक ब्राह्मण आणि त्याच्याबरोबर मणियार नावाचा पारशी व त्याचा मुलगा. राममोहन रॉय विलायतेला गेले त्याच्या पन्नास वर्षे आधीची ही गोष्ट. त्या थंड, परक्या गावात या मंडळींचे हाल होऊ लागले. सोवळ्याओवळ्याचे नियम पाळणाऱ्या माणसाने स्वयंपाक करायचा कुठे? आंघोळ कुठे? चूल कुठे मांडायची?

तेव्हा धावून आला एडमंड बर्क. पार्लमेंटातला हा नामांकित वक्ता, ज्याने पुढे वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला चालवला, त्याने या पाहुण्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर त्यांच्या हवाली केले. इंग्लंडातली मंडळी ज्या काचघरात नाजूक झाडे जपून ठेवतात, तिथे पेशव्यांच्या घराण्यातल्या एका पुरुषाची वकिलात आपला भात शिजवू लागली!

या वकिलातीच्या हाती फारसे काही लागले नाही. हणमंतराव परत येतो न येतो तोच सालबाईच्या तहाने राघोबाचा कारभार आटोपला. पण ते काचघर ध्यानात ठेवावे. वकील यजमानाच्या मर्जीवर राहतो. चूल मांडायला मिळेल तिथे तो मांडतो, आणि मर्जी फिरली की बिछाना गुंडाळतो. आपल्याकडेही रीत हीच होती. दिल्लीला हिंगण्यांचे घराणे, हैदराबादेस गोविंदराव काळे. यांचे बळ त्यांच्या घराच्या भिंतींत नव्हते. ते होते त्यांच्या कानांत, जिभेत आणि रोजच्या रोज पुण्यास लिहिलेल्या पत्रांत. दरबार हलला की वकील हलला.

इंग्रजांचा वकील मात्र निराळ्या जातीचा निघाला.

शिंद्यांची छावणी की पुणे?

सालबाईच्या तहानंतर इंग्रजांपुढे प्रश्न पडला, की मराठ्यांच्या राज्यात आपला माणूस बसवायचा कुठे. तह घडवून आणला महादजी शिंद्यांनी, जामीन राहिले तेही महादजीच. इंग्रजांशी होणारा मराठ्यांचा सारा व्यवहार आपल्या हातून व्हावा, ही त्यांची इच्छा उघड होती. इंग्रजांचा वकील डेव्हिड अँडरसन त्यांच्या छावणीत होताच. पुण्याला आणखी एक कशाला? उलट इंग्रजांना दिसत होते, की पेशव्यांची गादी पुण्यात, नाना फडणीस पुण्यात आणि हिशेबाच्या किल्ल्याही पुण्यात. एकट्या शिंद्यांच्या डोळ्यांनी मराठी राज्य पाहायचे म्हणजे एका खिडकीतून साऱ्या वाड्याचा अंदाज करण्यासारखे होते.

अखेर चार्ल्स मॅलेट या मुंबईच्या चाकरीतल्या गोऱ्याला १७८५ साली थेट उत्तरेत महादजींच्या छावणीपर्यंत पाठवण्यात आले. पुण्याच्या नेमणुकीला त्यांची संमती मिळवायची होती. हाच मॅलेट दहा वर्षांपूर्वी खंबायतच्या वखारीत होता, आणि गुजरातेत हरिपंत फडक्यांकडून मार खाऊन पळालेल्या राघोबाला तिथून निसटायला त्यानेच हात दिला होता. असा माणूस १७८६ च्या मार्चात पेशव्यांच्या राजधानीत इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून दाखल झाला. नानांसारख्या सावध पुरुषाला त्याचे पूर्वचरित्र ठाऊक नसेल, असे कोण म्हणेल?

‘रेसिडेंट’ या शब्दाकडे जरा पाहावे. आपला ‘वकील’ दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. ‘रेसिडेंट’ राहणारा, ठाण मांडणारा. याच्या आधी १७७२ साली मॉस्टिन नावाचा इंग्रज पुण्यास येऊन राहिला होता. दोन वर्षांनी इंग्रजांनी ठाणे घेतले तेव्हा त्याला निघावे लागले. मॅलेट आला तो मात्र जाण्यासाठी आला नव्हता.

त्याची कोठी उभी राहिली ती शहराच्या दाट वस्तीपासून दूर, मुळा आणि मुठा जिथे मिळतात त्या संगमावर. जागा मोठी विचारपूर्वक निवडलेली. शनिवारवाडा घोड्यावरून हाकेच्या अंतरावर, पण शहराचा गलबला आणि डोळे दूर. मॅलेटने तिथे बंगला बांधला, बाग केली. जेम्स वेल्स हा चित्रकार त्याच्या आश्रयाने पुण्यास राहिला. गंगाराम तांबट हा पुण्याचाच कारागीर. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे मॅलेटसाठी काढली. १७९० साली टिपूविरुद्ध तह झाला, त्या वेळच्या सवाई माधवरावांच्या दरबाराचे टॉमस डॅनियलने पुढे रंगवलेले भव्य चित्र प्रसिद्ध आहे. पाहुणा आणि यजमान त्यात अगदी जवळजवळ बसलेले दिसतात.

एक दिवाळी आणि एक नोव्हेंबर

या कोठीच्या नशिबाचे दोन दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

पहिला २५ ऑक्टोबर १८०२. दिवस दिवाळीचा होता. यशवंतराव होळकरांनी हडपसरपाशी शिंदे-पेशव्यांच्या फौजेची दाणादाण उडवली आणि दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला. घरोघर पणत्या लागायच्या त्या रात्री शहरावर भीतीचे सावट होते. पण संगमावरच्या कोठीवर इंग्रजांचे निशाण फडकत होते आणि रेसिडेंट बॅरी क्लोज आपल्या बंगल्यात सुरक्षित होता. होळकरांनी त्याच्या केसाला धक्का लावला नाही. उलट त्याच्याशी भेटीगाठी केल्या. भांडण घरातले होते, आणि संगमावरचा साहेब अजून बाहेरचा होता.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. सहा पलटणी पदरी घेतल्या, त्यांच्या खर्चाला मुलूख तोडून दिला आणि परराष्ट्रांशी बोलण्याचा आपला हक्क इंग्रजांच्या हाती ठेवला. संगमावरची कोठी होती तिथेच राहिली. तिचा अर्थ तेवढा एका रात्रीत पालटला. आता तिथे राहणारा गृहस्थ पाहुणा उरला नव्हता. घराच्या खर्चाची वही तपासणारा सावकार झाला होता.

दुसरा दिवस ५ नोव्हेंबर १८१७. आता रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. ग्रीक-लॅटिन वाचणारा, शिकारीला जाणारा, मराठी राज्याची नाडी ओळखणारा. दोन वर्षांपूर्वी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला होता. ते इंग्रजांच्या हमीवर आलेले होते. संशय होता त्रिंबकजी डेंगळ्यावर, म्हणजे पुन्हा आपल्या या गोदा-प्रवरेच्या मुलखातल्या निमगाव जाळीच्या माणसावर. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला, जून १८१७ मध्ये पुण्याचा अपमानकारक तह बाजीरावाच्या गळी उतरवला गेला आणि वातावरण तापत गेले.

त्या शेवटच्या दिवसांत एल्फिन्स्टनपुढे सरळ प्रश्न होता: कोठी सोडून सुरक्षित ठिकाणी जायचे की नाही? शहराजवळची आपली पलटण त्याने १ नोव्हेंबरला खडकीस हलवली, पण स्वतः संगमावरच राहिला. रेसिडेंट हलला तर लढाईची दवंडीच पिटल्यासारखे होणार, हे त्याला कळत होते. नदीपलीकडे रोज फौजा जमत होत्या. साहेब जागा सोडीत नव्हता.

पाच तारखेला विठोजी नाईक हा बाजीरावाचा निरोप घेऊन आला. निरोप काय? नवी आलेली गोरी पलटण मुंबईस परत पाठवा, देशी पलटण कमी करा आणि छावणी आम्ही सांगू तिथे न्या. मराठी राज्याच्या शेवटच्या लढाईआधीचे शेवटचे बोलणे झाले ते या मुद्द्यावर, की परक्याने आमच्या मुलखात कुठे राहायचे ते ठरवणार कोण! एल्फिन्स्टनने नकार दिला. थोड्याच वेळात तो सोबतच्या मंडळींसह, नदी आड ठेवीत, खडकीच्या वाटेला लागला. मागे संगमावरून धूर दिसू लागला. कोठी लुटली गेली, जाळली गेली. एल्फिन्स्टनची पुस्तके गेली, कागदपत्रे गेली, आणि अंगावरच्या कपड्यांखेरीज त्याच्याजवळ फारसे काही उरले नाही.

पंधरा वर्षांत निशाण बदलले नव्हते, जागा बदलली नव्हती. तरी एका दिवाळीत जी कोठी वाचली ती एका नोव्हेंबरात राख झाली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. खडकी, कोरेगाव, आष्टी. आष्टीला बापू गोखले पडले आणि त्यांना तिथे गाठणारा सेनापती होता लायनेल स्मिथ. बाजीराव पळत पळत कोपरगावास आला, ज्या गोदाकाठी बापाचे अखेरचे दिवस गेले तिथेच. पटवर्धन सरदार इथेच त्याला सोडून गेले. जून १८१८ मध्ये तो जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. एल्फिन्स्टन, स्मिथ आणि माल्कम ही तीन नावे लक्षात ठेवावीत. कारण आता आपल्याला मुंबईच्या बंदरात गलबतावर चढायचे आहे आणि तिथेही हीच माणसे आपल्याला भेटणार आहेत.

आखातातला संगम

इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर बुशहर नावाचे बंदर आहे. समुद्रात शिरलेली जमिनीची एक जीभ, उथळ पाणी, त्यामुळे मोठी जहाजे दूर नांगरून पडायची. प्यायचे पाणी गावाबाहेरच्या विहिरींवरून आणावे लागे. उन्हाळा असा, की मुंबईचा मे महिना त्यापुढे माथेरान वाटावा. इथे १७६३ साली ईस्ट इंडिया कंपनीने कोठी घातली. करीमखान झंदाने फर्मान दिले. व्यापार लोकरीच्या कापडाचा. मध्ये काही वर्षे ती बंद पडली, पुन्हा उघडली. हुकूम सुटायचे ते मुंबईहून. फोर्टात बसलेले सरकार एका हाताने पुण्याच्या रेसिडेंटाची डाक पाहात होते, तर दुसऱ्या हाताने बुशहरची.

इथेही तोच प्रश्न उभा राहिला. इराणच्या शहाच्या जमिनीवर, त्याच्या सुभेदाराच्या मर्जीवर राहायचे, की एखादे बेट घेऊन आपल्या तोफांच्या आड?

जॉन माल्कम १८०० साली इराणला वकील म्हणून गेला तेव्हापासून बेटाच्या कल्पनेने त्याला पछाडले होते. बेट हाती आले की व्यापार तिथे ओढला जाईल, आरमाराला ठिकाण मिळेल आणि वकिलाला कुणाच्या दारात तिष्ठत बसावे लागणार नाही, असा त्याचा हिशेब. फ्रेंचांच्या भीतीने १८०८ साली बुशहरजवळचे खार्ग बेट घेण्यासाठी मुंबईत मोहीमही सिद्ध झाली, पण ती निघायच्या आत बारगळली. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे सोपे होते. ज्याच्याशी दोस्ती करायला आपण निघालो त्याचेच बेट आधी बळकवायचे, हा कुठला शहाणपणा?

१८१९ च्या नोव्हेंबरात एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच महिन्यात आखातातल्या अरब टोळ्यांवर मोठी मोहीम मुंबईहून निघाली. रास अल खैमा पडले, जानेवारी १८२० मध्ये तह झाला. मग फौज ठेवायची कुठे? ती इराणी किनाऱ्याला लागून असलेल्या किश्म बेटावर नेण्यात आली. माल्कमचे स्वप्न आयतेच उतरले होते. पण इराणच्या दरबाराने हे बेट आमचे म्हणून कडक हरकत घेतली. उन्हाने आणि तापाने शिपाई हैराण झाले. तिथून निघालेल्या एका तुकडीचा ओमानात पुरता धुव्वा उडाला, आणि त्याचा वचपा काढायला १८२१ साली मुंबईहून जो सेनापती गेला तो आष्टीचाच लायनेल स्मिथ.

इकडे बुशहरचा रेसिडेंट विल्यम ब्रूस याने १८२२ साली शिराझला आपल्या अखत्यारीतच एक करार करून टाकला. त्यात बाहरेनवरचा इराणचा हक्क मान्य करण्यासारखी कलमे होती. शेजाऱ्याच्या ओसरीवर फार वर्षे बसले की त्याचे म्हणणे पटू लागते, असे मुंबईत कुणी म्हटले असेल तर नवल नाही. एल्फिन्स्टनने करार झिडकारला आणि ब्रूसला काढून टाकले. तेहरानच्या शहानेही तो मानला नाहीच. पण त्याबरोबर एल्फिन्स्टनच्या सरकारने किश्मची फौजही १८२३ च्या आरंभी माघारी बोलावली. आरमाराचे ठाणे तेवढे बासिदूला राहिले. मुख्य कोठी बुशहरलाच ठेवण्यात आली.

ज्याची स्वतःची कोठी यजमानाच्या शहरात जळून खाक झाली, त्याच्याच कारकिर्दीत बेट सोडून यजमानाच्या शहरात राहायचे ठरले. यात विसंगती वाटते खरी. पण पुण्याला आणि बुशहरला इंग्रज एकाच भूमिकेने बसलेले नव्हते. पुण्यात १८०२ नंतर सहा पलटणी होत्या, म्हणून कोठी जळाली. बुशहरला कोठीपाशी पहाऱ्याचे शिपाई तेवढे होते, आणि ती टिकली.

खार्ग, पूना हॉर्स आणि तारेचे बेट

ही गोष्ट पुन्हा पुन्हा ताडून पाहण्याची संधी पुढच्या शंभर वर्षांत आली. १८३८ साली इराणच्या फौजेने हेरातला वेढा घातला तेव्हा मुंबईच्या सरकारने खार्ग बेट घेतले. मार्च १८३९ मध्ये बुशहरच्या लोकांशी खटका उडाला आणि रेसिडेंट हेनेल आपले दप्तर घेऊन बेटावर जाऊन बसला. तीन वर्षे तिथे काढली. बेट सुरक्षित होते. पण ज्या इराणशी बोलायचे त्याच्याशी बोलणेच खुंटले. १८४२ साली दप्तर पुन्हा बुशहरला आले.

१८५६ च्या डिसेंबरात तर बुशहरच इंग्रजांनी जिंकले. मुंबईची फौज तिथे उतरली. तिच्यात पूना हॉर्स होती. या पलटणीचा जन्म १८१७ चा, पुण्याच्या त्याच तहातला. तिच्या खर्चाचा भार टाकला होता पेशव्यांवर! पेशव्यांच्या पैशाने उभे राहिलेले स्वार ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाबच्या लढाईत इराणी सैन्यावर तुटून पडले आणि टोकाला चांदीचा पंजा असलेले एक निशाण त्यांनी जिंकून आणले. हीच पलटण आज आपल्या लष्करात आहे. १९६५ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणारे अर्देशीर तारापोर तिचेच. महिन्याभरात पॅरिसला तह झाला. जिंकलेले बुशहर इराणला परत मिळाले. कोठी मात्र तिथेच राहिली, पुन्हा भाडेकरूसारखी.

त्यानंतर लुईस पेली या रेसिडेंटाने मुसंदमच्या भूशिराजवळ इंग्रजांची स्वतःची वस्ती असावी अशी सूचना केली. व्यापारी गलबते, तारेचे ठिकाण, रेसिडेंट, सारे एका जागी. वरच्या सरकारला ती पटली नाही. पण १८६४ साली समुद्रातून तार टाकताना त्याच भागात, एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाडीत, एका खडकाळ बेटावर तारेचे ठाणे उभारले गेले. चारी बाजूंनी तापलेले कडे, वारा नाही, पाणी नाही. थोड्याच वर्षांत ठाणे उठवावे लागले. स्वतःची जागा म्हणतात ती कशी असते, याचा धडा तारबाबूंना मिळाला.

लखोट्यावर दोन शिक्के

१८७३ साली आखाताचा कारभार मुंबईकडून हिंदुस्थान सरकारकडे गेला. तरी मुंबईशी नाळ तुटली नाही. आगबोटी मुंबईहून सुटत, नाणे आपला रुपया, टपाल आपले. त्या किनाऱ्यावरच्या बाजारात १९६० सालानंतरही काही वर्षे रुपयाच चालत होता, हे आज दुबई-बाहरेनला नोकरीला असलेल्या आपल्या मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

बुशहरच्या साहेबाची स्थिती मात्र दिवसेंदिवस चमत्कारिक होत चालली. इराणच्या दृष्टीने तो नुसता कॉन्सल जनरल, म्हणजे परक्या देशाचा एक अधिकारी. आणि समुद्रापलीकडच्या कुवेत, बाहरेन, शारजा, दुबईच्या शेखांच्या दृष्टीने तो ‘पोलिटिकल रेसिडेंट’, म्हणजे जवळजवळ सार्वभौम. अरब किनाऱ्यावर हुकूम चालवायचा, आणि तो लिहायचा इराणच्या जमिनीवर बसून! पहिल्या महायुद्धात १९१५ साली तंगिस्तानच्या टोळ्या बुशहरवर चालून आल्या. त्यांचा पुढारी रईस अली दिलवारी आज इराणात वीरपुरुष मानला जातो. इंग्रजांनी काही काळ शहराचा ताबा घेतला, इराणी तिकिटांवर आपला ठसा मारून ती चालवली. पाहुण्याने घराच्या पाटीवर स्वतःचे नाव लिहिण्यासारखेच हे झाले.

१९२५ साली रझाशहा गादीवर आला आणि हे सारे त्याच्या डोळ्यांत सलू लागले. १९२७ साली इराणने बाहरेनवरचा हक्क राष्ट्रसंघापुढे पुकारला. मग दिल्ली, लंडन आणि तेहरान यांच्यामध्ये कागदांचे घोडे धावू लागले: कोठी बुशहरहून हलवून सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेला, बाहरेनला न्यायची का?

हलवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे: इराणच्या भूमीवर बसून इराणला रोज डिवचण्यात अर्थ नाही, साहेबाच्या पहाऱ्यावर, निशाणावर, शिपायांवर आक्षेप निघतात, आपले खरे काम आता अरब किनाऱ्यावर आहे. विमाने १९३२ पासून तिकडून जातात, त्याच वर्षी बाहरेनला तेल लागले. हलवू नका म्हणणाऱ्यांची भीती वेगळी होती. शंभराहून अधिक वर्षांची जागा सोडली तर इंग्रज पळाले असे सारे आखात म्हणेल. आणि ज्या बाहरेनवर इराण हक्क सांगतो तिथेच रेसिडेंट नेऊन बसवला तर भांडण शमण्याऐवजी वाढेल. शिवाय नव्या इमारती, पाणी, घरे यांचा पैसा हिंदुस्थानच्या तिजोरीतून की लंडनच्या? आरमाराने आपला तळ १९३५ साली बाहरेनच्या जुफैरला नेला. रेसिडेंटाचे दप्तर मात्र चर्चेत अडकले, तोवर दुसरे महायुद्ध आले.

अखेर १९४६ साली रूपर्ट हे या रेसिडेंटाच्या वेळी कोठी बाहरेनला गेली. दीडशे वर्षांचा खल संपला आणि पुढच्याच वर्षी ज्या सरकारसाठी ती हलवली ते हिंदुस्थानचे ब्रिटिश सरकारच नाहीसे झाले! नव्या कोठीवर लंडनची सत्ता आली. तीही टिकली पंचवीस वर्षे. १९७१ च्या १५ ऑगस्टला बाहरेन स्वतंत्र झाले. तारीख आपल्याला ओळखीची आहे.

जुफैरला आज अमेरिकेचे आरमार आहे. भाडेकरू बदलला, प्रश्न बदलला नाही. परदेशी तळ कुठे असावा, यजमानाची संमती किती खरी आणि किती नाइलाजाची, ही चर्चा आजही जगातल्या अनेक राजधान्यांत चालू असते. ती वर्तमानपत्रात वाचताना नकाशापेक्षा दुसरीच गोष्ट आधी पाहावी. जो तिथे राहतो तो कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या परवानगीने राहतो? त्याला जा म्हणण्याचा अधिकार यजमानाजवळ शिल्लक आहे का? हणमंतरावाला बर्कने काचघर दिले त्यात दोघांचीही अब्रू राहिली, कारण देणारा देऊ शकत होता आणि घेणारा जाऊ शकत होता. विठोजी नाईक संगमावर जो निरोप घेऊन गेला, तोही याच अधिकाराचा होता. पण तो अधिकार बाजीरावाने पंधरा वर्षांपूर्वी वसईला सही करून देऊन टाकलेला होता. १८१७ साली त्याने कोठी जाळली, पण गेलेला अधिकार राखेतून परत येत नसतो. इराणने बुशहरची कोठी जाळली नाही. त्याने दर वर्षी, दर पत्रात, ही जमीन आमची आहे एवढेच सांगत राहण्याचा चिवटपणा केला. आणि एक दिवस साहेबाने आपण होऊन सामान बांधले.

संगम पुलावरून पुण्याची वाहतूक आज अहोरात्र वाहते. खाली मुळा-मुठा मिळतात. कुणाला तिथल्या राखेची आठवण असण्याचे कारण नाही. पण कधी सिग्नलला गाडी थांबली, तर बरोबरच्या मुलाला एवढे सांगायला हरकत नाही, की इथे एक पाहुणा राहायला आला होता, आणि आपल्या घरच्या भांडणात आपणच त्याला घराच्या किल्ल्या दिल्या.